पुनराहारजन्य विकार

दीर्घकाळ उपासमार किंवा तीव्र कुपोषण झालेल्या व्यक्तीस पुन्हा अन्न देऊ लागल्यावर, विशेषतः ते एकाएकी व भरपूर प्रमाणात दिल्यास, पहिल्या काही दिवसांत चयापचयात (शरीरात सतत चालू असणाऱ्या रासायनिक व भौतिक घडामोडींत) आणि विद्युत् विच्छेद्यांच्या (शरीरद्रवात विद्युत् भारित कणांच्या स्वरूपात असणाऱ्या लवणांच्या) प्रमाणात जे गंभीर बिघाड उद्भवतात, त्यांना पुनराहारजन्य विकार म्हणतात. रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम व मॅग्नेशियम यांची पातळी घसरणे, शरीरात पाणी व सोडियम साठून सूज येणे, थायामीन या जीवनसत्त्वाची तीव्र त्रुटी निर्माण होणे आणि परिणामी हृदय, श्वसन व मेंदू यांचे कार्य बिघडणे, ही या विकारांची प्रमुख अंगे होत. उपासमारीने जो मरत नाही तो अन्न मिळाल्यावर मरू शकतो, ही गोष्ट सकृद्दर्शनी विपरीत वाटते. दुष्काळाच्या इतिहासात मात्र ती वारंवार घडलेली आहे.

महाराष्ट्रात दुष्काळ व अन्नदान यांचा विचार मंगळवेढ्याच्या उल्लेखाशिवाय पुरा होत नाही. सोलापूर जिल्ह्यातील हे गाव पंढरपूरपासून सुमारे २५ किमी. अंतरावर, पर्जन्यछायेच्या प्रदेशात असून तेथील काळ्या जमिनीत रब्बीची ज्वारी उत्तम येते. बहमनी राजवटीत येथील अधिकारी असलेल्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी धान्यकोठारे लोकांसाठी खुली केली आणि त्याबद्दल बीदरच्या दरबारी देणे असलेली रक्कम विठ्ठलाने विठू महाराच्या रूपाने जाऊन भरली, अशी कथा आहे. महीपतीच्या भक्तविजय (१७६२) या ग्रंथाने ती घरोघर पोहोचविली. लोकस्मृतीत हा दुष्काळ ‘दुर्गादेवीचा दुष्काळ’ म्हणून सांगितला जातो. तथापि १३९६ मध्ये सुरू होऊन सुमारे बारा वर्षे टिकलेला दुर्गादेवीचा दुष्काळ आणि १४६० च्या सुमारास पडलेला व दामाजीपंतांच्याच नावाने ओळखला जाणारा दुष्काळ हे दोन वेगळे होत. दोन पिढ्यांच्या अंतराने आलेली ही संकटे कथेत एकत्र झालेली दिसतात. कथेचा सारा भर कोठार उघडण्यावर व त्या धान्याच्या किंमतीवर आहे. कोठारातील धान्य खंगलेल्या माणसांनी कसे व किती खाल्ले आणि त्यानंतर त्यांचे काय झाले, याविषयी ती काही सांगत नाही. दुष्काळाच्या बहुतेक सर्वच जुन्या वृत्तांतांत ही उणीव आढळते. धान्य पोहोचले की प्रश्न सुटला, असे त्यांत गृहीत धरलेले असते.

वैद्यकीय परंपरेत मात्र हे भान प्राचीन काळापासून होते. चरकसंहितेत वमन-विरेचनादी शोधनानंतर जठराग्नी मंद झालेला असतो, म्हणून रुग्णास एकदम नेहमीचे अन्न न देता ‘संसर्जन क्रमा’ने आहार द्यावा, असे सांगितले आहे. प्रथम पेया म्हणजे पातळ पेज, मग विलेपी म्हणजे दाट पेज, त्यानंतर कडधान्यांचे यूष (कढण) व शेवटी मांसरस असा हा क्रम आहे. उत्तम शोधन झालेल्या रुग्णास यांतील प्रत्येक पायरी तीन अन्नकाळ, म्हणजे एकूण बारा अन्नकाळ पाळावयाची असते. लहानशी ठिणगी ज्याप्रमाणे गवत, शेणी अशा इंधनांनी हळूहळू वाढवावी लागते, त्याप्रमाणे अग्नी वाढवावा, असा दृष्टांतही तेथे आहे. हा क्रम शोधनोत्तर रुग्णासाठी सांगितलेला असून दुष्काळपीडितांसाठी नव्हे, हे लक्षात ठेवावयास हवे. आधुनिक चिकित्सेचे सर्व तत्त्व त्यात आधीच होते, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. परंतु रिकाम्या राहिलेल्या शरीरावर अन्नाचा भार टप्प्याटप्प्यानेच टाकला पाहिजे, हे निरीक्षण अचूक आहे. दीर्घ उपवासाचे पारणे हलक्या अन्नाने, थोडे थोडे खाऊन सोडण्याची रूढी याच अनुभवातून आलेली असावी. पश्चिमेकडे जोसिफस या इतिहासकाराने इ. स. ७० मधील जेरूसलेमच्या वेढ्याचे वर्णन करताना असेच नोंदविले आहे. उपासमारीने सुजलेले जे लोक वेढ्यातून निसटून रोमनांकडे आले त्यांपैकी अधाशीपणे पोट भरणारे मरण पावले, तर भूक आवरून शरीराला अन्नाची हळूहळू सवय करणारे वाचले.

१८७६–७८ चा दुष्काळ : या दुष्काळात मुंबई इलाख्यातील सर्वांत जास्त होरपळलेल्या जिल्ह्यांत सोलापूरची गणना होते. त्या वेळी मंगळवेढा ब्रिटिश मुलखात नव्हते. ते सांगली संस्थानातील एक तालुका होते आणि १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत तसेच राहिले. सभोवतालच्या ब्रिटिश तालुक्यांत सरकारने दुष्काळी कामे काढली. माढा तालुक्यातील आष्टी तलाव हे त्यांपैकी एक. १८७७ च्या प्रारंभी केंद्र सरकारचे प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांच्या शिफारशीनुसार मजुरी कमी करून ती एक रतल (सुमारे ४५४ ग्रॅ.) धान्य व वर अल्पशी रोकड यांच्या किंमतीवर आणण्यात आली. हे धान्य ज्वारी धरले, तर त्यापासून सुमारे १,६०० किलोकॅलरी ऊर्जा मिळते. खडी फोडणाऱ्या व माती वाहणाऱ्या पुरुषाच्या गरजेच्या ती जेमतेम निम्मी भरते. पुणे सार्वजनिक सभेने या शिध्याविरुद्ध सरकारकडे अर्ज केले व जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून दुष्काळाचे वृत्तांत प्रसिद्ध केले. गणेश वासुदेव जोशी (सार्वजनिक काका) यांचा त्यात पुढाकार होता. मद्रास इलाख्याचे आरोग्याधिकारी डब्ल्यू. आर्. कॉर्निश यांनीही शिधा अपुरा असल्याचे वैद्यकीय दृष्टीने दाखवून टेंपल यांच्याशी जाहीर वाद घातला.

या वादात अन्नाचे प्रमाण किती असावे, हाच प्रश्न प्रमुख होता. ते कसे द्यावे, हा प्रश्न छावण्यांतील डॉक्टरांपुढे उभा राहिला. मद्रास येथील मदत-छावणीच्या रुग्णालयात अलेक्झांडर पोर्टर यांनी दुष्काळात मरण पावलेल्यांची शेकडो शवविच्छेदने केली व त्यांवर आधारलेला ग्रंथ १८८९ मध्ये प्रसिद्ध केला. आतड्याची भित्ती पातळ व क्षीण झालेली, स्नायू झिजलेले आणि अतिसार हे मृत्यूचे नेहमीचे निमित्त, असे चित्र त्यातून पुढे आले. छावणीत अन्न मिळत असतानाही अनेक जण वाचत नव्हते. त्या काळी रक्तातील लवणे मोजण्याची साधने नव्हती. त्यामुळे या मृत्यूंपैकी किती जंतुसंसर्गाने, किती आतड्याच्या क्षयाने व किती पुनराहाराने झाले, हे आज वेगळे करता येत नाही. १८८० च्या दुष्काळ आयोगाने आणि त्यानंतरच्या दुष्काळ संहितांनी काढलेला निष्कर्ष मात्र वैद्यकीय दृष्ट्याही मोलाचा ठरला. लोक खंगून छावणीच्या दाराशी येईपर्यंत थांबू नये, अंगात बळ आहे तोवरच काम व अन्न द्यावे, असे हे धोरण होते. माणूस त्या अवस्थेस पोहोचलाच नाही, तर पुनराहाराचा धोकाही उद्भवत नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील अनुभव : १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात कलकत्त्याच्या रुग्णालयांत आणलेले अनेक निराधार रुग्ण इतके क्षीण होते की, त्यांना तोंडाने अन्न घेणेही जड जाई. अशा रुग्णांना प्रथिनांचे जलविच्छेदित मिश्रण शिरेवाटे देण्याचे प्रयोग तेथे झाले. तोंडाने देण्यासाठी ‘बंगाल फॅमिन मिक्श्चर’ या नावाने ओळखले गेलेले मिश्रणही त्याच अनुभवातून निघाले. १५ एप्रिल १९४५ रोजी ब्रिटिश सैन्याने जर्मनीतील बेर्गेन-बेल्सेन ही छळछावणी मुक्त केली, तेव्हा तेथे सुमारे ६०,००० कैदी होते. सैनिकांनी प्रथम आपल्या शिध्यातील डबाबंद मांस व इतर जड पदार्थ वाटले. हेतू करुणेचा होता, पण परिणाम भयंकर झाला. त्यानंतर लंडनहून आलेल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या देखरेखीखाली दुधाची भुकटी, पीठ, साखर व मीठ यांचे बंगाली मिश्रण देण्यात येऊ लागले. ते फार गोड असल्याने पूर्व यूरोपातील कैद्यांना घशाखाली उतरवेना. शिरेवाटे प्रथिने देण्याचाही प्रयत्न झाला. परंतु छावणीत सुईचा अर्थ मृत्यू असाच झालेला असल्याने रुग्ण भेदरून जात. जॅनेट व्हॉन यांच्या पथकाने अखेर असा निष्कर्ष काढला की, साध्या दुधाचे लहान लहान घोट वारंवार देणे हेच सर्वांत हितावह. मुक्ततेनंतरही या छावणीत सुमारे १३,००० लोक मरण पावले. त्यांत प्रलापक सन्निपात ज्वर (टायफस) व क्षय यांचा वाटा मोठा होता, म्हणून सर्व दोष आहारावर टाकणे बरोबर नव्हे.

वॉर्सातील बंदिस्त ज्यू वस्तीत स्वतः उपाशी असलेल्या डॉक्टरांनी १९४२ मध्ये उपासमारीचा पद्धतशीर अभ्यास केला. त्यांची टिपणे युद्धानंतर, १९४६ मध्ये, प्रसिद्ध झाली. ती लिहिणाऱ्यांपैकी बहुतेक जण तोवर हयात नव्हते. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी १९४४–४५ मध्ये ३६ निरोगी स्वयंसेवकांवर प्रयोग केला. त्यांना २४ आठवडे दररोज सरासरी सुमारे १,५७० किलोकॅलरी अन्न देण्यात आले व त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले. टेंपल यांच्या एक रतल धान्याचे उष्णतामूल्य जवळजवळ एवढेच होते, ही तुलना बोलकी आहे. शिवाय मिनेसोटातील तरुण खडी फोडत नव्हते. झालेली झीज भरून काढण्यास पुढे दीर्घकाळ भरपूर, दिवसाला ४,००० किलोकॅलरीपर्यंत, अन्न लागते, असे कीज यांना आढळले. सारांश, प्रारंभी अति देणे जसे घातक, तसे नंतर कमी देणेही व्यर्थ. फिलिपीन्समध्ये शरण आलेल्या जपानी युद्धकैद्यांविषयीचा अहवाल १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात उपचार व आहार मिळूनही सुमारे एक पंचमांश रुग्ण दगावल्याचे नमूद आहे.

विकारांची प्रक्रिया : उपासमारीच्या पहिल्या एक-दोन दिवसांत यकृतातील ग्लायकोजेनाचा साठा संपतो. मग इन्शुलिनाचे प्रमाण घटते, ग्लुकागॉनाचे वाढते आणि शरीर प्रथम स्नायूंतील प्रथिने व नंतर मुख्यत्वे चरबी जाळून गुजराण करते. मेंदूही हळूहळू कीटोन पदार्थांवर चालू लागतो. या काळात कोशिकांतील (पेशींतील) फॉस्फेट, पोटॅशियम व मॅग्नेशियम यांचे साठे रिते होत जातात. परंतु कोशिका आक्रसलेल्या असतात व मूत्रपिंडे उत्सर्जन कमी करतात. त्यामुळे रक्तातील पातळी बहुधा प्राकृत मर्यादेतच राहते. रक्ततपासणी या अवस्थेत चिकित्सकास फसविते, ते यामुळेच. हृद्स्नायूही झिजलेला असतो. नाडी मंद व रक्तदाब कमी असतो, आणि कमी कामाशी जुळवून घेतलेले असे हे शरीर स्थिर भासते.

पिष्टमय वा गोड अन्न पोटात जाताच इन्शुलिनाचा स्राव एकदम वाढतो. ग्लुकोज कोशिकांत शिरते व त्याबरोबर फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियमही रक्तातून आत ओढले जातात. ग्लुकोजाच्या चयापचयाच्या प्रत्येक टप्प्यावर फॉस्फेट लागते. रक्तरसातील त्याची प्राकृत पातळी सुमारे ०·८ ते १·५ मिलिमोल प्रती लिटर असते. ती ०·३ च्या आसपास उतरली की, ॲडिनोसीन ट्रायफॉस्फेट हे ऊर्जावाहक संयुग पुरेसे तयार होत नाही. श्वासपटल दुबळे पडते, स्नायुतंतू विघटित होतात व तांबड्या कोशिका फुटू लागतात. तांबड्या कोशिकांतील डायफॉस्फोग्लिसरेट कमी झाल्याने हीमोग्लोबिन ऊतकांना (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकासमूहांना) ऑक्सिजन सहजी सोडत नाही. पोटॅशियम व मॅग्नेशियम यांच्या न्यूनतेमुळे हृदयाची लय बिघडते व अकस्मात मृत्यू ओढवू शकतो. इन्शुलिनामुळे मूत्रपिंडे सोडियम व पाणी धरून ठेवतात. परिणामी पायांवर सूज चढते आणि झिजलेल्या हृदयावर वाढीव रक्तद्रवाचा भार पडतो. थायामीन हे जीवनसत्त्व ग्लुकोजाच्या ज्वलनास अत्यावश्यक असल्याने त्याचा तुटपुंजा साठाही झपाट्याने संपतो. मग लॅक्टिक अम्ल साचते, हृदय अपुरे पडते किंवा गोंधळ, नेत्रस्नायूंचा पक्षाघात व तोल जाणे ही मेंदूविकाराची लक्षणे दिसतात. हे सर्व बहुधा पहिल्या पाच दिवसांत घडते, म्हणजे रुग्ण खाऊ लागल्याने आप्तांना हायसे वाटत असते, नेमक्या त्याच काळात. [→ कुपोषण; चयापचय; जीवनसत्त्वे].

फॉस्फेटाचे महत्त्व ध्यानी येण्यास एक विचित्र योगायोग कारणीभूत झाला. अमेरिकेत स्टॅन्ली डड्रिक यांनी १९६८ च्या सुमारास मोठ्या शिरेवाटे संपूर्ण पोषण देण्याची पद्धत विकसित केली. प्रारंभी या द्रावांतील नत्रांश दुधातील केसीन या प्रथिनाच्या जलविच्छेदनाने मिळविलेला असे व केसिनाबरोबर फॉस्फरसही आपोआप येई. पुढे शुद्ध स्फटिकी ॲमिनो अम्ले वापरात आली. द्राव अधिक शुद्ध झाला आणि त्यातील फॉस्फेट नाहीसे झाले. थोड्याच दिवसांत अशा रुग्णांत मुंग्या येणे, दुर्बलता व झटके दिसू लागले. १९७२ मधील अहवालाने त्यांचा संबंध फॉस्फेटन्यूनतेशी जोडला. १९८१ मध्ये वाइनझर व क्रमडीक यांनी अतिउत्साहाने दिलेल्या शिरेवाटे पोषणाने दगावलेल्या दोन रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यानंतर युद्धकालीन मृत्यू व रुग्णालयीन मृत्यू हे एकाच प्रक्रियेचे परिणाम होत, हे सर्वमान्य झाले.

या दृष्टीने पाहता बेल्सेनमध्ये दूधच का उपकारक ठरले, याचा उलगडा होतो. दुधात फॉस्फेट व पोटॅशियम विपुल असून ते सहज शोषले जातात. ज्वारीत दर १०० ग्रॅ. मध्ये सुमारे २२२ मिग्रॅ. फॉस्फरस व ०·३७ मिग्रॅ. थायामीन असते. सडलेल्या तांदळात ही प्रमाणे अनुक्रमे सुमारे १६० व ०·०६ मिग्रॅ. एवढीच असतात. मात्र धान्यातील बराचसा फॉस्फरस फायटेटाच्या रूपात बांधलेला असल्याने शरीरास पूर्णपणे मिळत नाही. सोलापूरकडील ज्वारीच्या पिठाची ताक घातलेली आंबील या बाबतीत नुसत्या भाकरीपेक्षा वा तांदळाच्या पेजेपेक्षा सरस ठरावी. एकतर ती पातळ असते आणि ताकातून फॉस्फेट व पोटॅशियम मिळतात.

प्रतिबंध व उपचार : ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेच्या २००६ च्या मार्गदर्शिकेनुसार शरीरभार निर्देशांक १६ पेक्षा कमी असणे, तीन ते सहा महिन्यांत १५ टक्क्यांहून अधिक वजन घटणे, दहा दिवसांहून अधिक काळ जवळजवळ काहीच न खाणे किंवा आहार सुरू करण्यापूर्वीच वरील तीन लवणांपैकी एखाद्याची पातळी कमी असणे, यांपैकी एकही गोष्ट आढळल्यास धोका मोठा मानतात. अशा रुग्णास प्रारंभी शरीरभाराच्या दर किग्रॅ.स दररोज जास्तीत जास्त १० किलोकॅलरी, व अत्यंत क्षीण रुग्णास फक्त ५, देऊन चार ते सात दिवसांत आहार हळूहळू पूर्ण प्रमाणावर आणतात. आहारापूर्वी व पहिले दहा दिवस थायामीन, आणि जोडीने पोटॅशियम, फॉस्फेट व मॅग्नेशियम देतात. आहार इतका जपून वाढविला, तर रुग्ण उपाशीच राहतो, असाही आक्षेप काही तज्ञांनी घेतला आहे. २०२० मध्ये अमेरिकन तज्ञांनी सुचविलेल्या निकषांत प्रारंभीचे प्रमाण १० ते २० किलोकॅलरी असे थोडे सैल केलेले आहे. या विकारांचे निदान त्यांनी आहारानंतर पाच दिवसांत लवणांच्या पातळीत होणाऱ्या घटीवरून ठरविले. दारूचे व्यसन, कर्करोग, दीर्घ उलट्या, क्षुधानाश या मनोविकाराने पछाडलेले तरुण आणि एकाकी वृद्ध हे आज रुग्णालयांत आढळणारे अशा प्रकारचे नेहमीचे रुग्ण होत.

राजकीय व सामाजिक उपोषणे हा वेगळा वर्ग आहे. महात्मा गांधींचे पुण्याच्या आगाखान पॅलेसमधील २१ दिवसांचे उपोषण (१० फेब्रुवारी ते ३ मार्च १९४३) किंवा विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपूर येथे केलेले उपोषण यांसारख्या प्रसंगी सांगतेचा फळांचा रस हा समारंभाचा भाग म्हणून लोकांच्या स्मरणात राहिला. वैद्यकीय दृष्ट्या मात्र त्याचे अल्प प्रमाण व त्यानंतरच्या दिवसांतील आहाराची हळूहळू होणारी वाढ याच गोष्टी निर्णायक असतात.

महाराष्ट्रातील स्थिती : १९७०–७३ च्या अवर्षणात सोलापूर जिल्हा पुन्हा होरपळला. परंतु या वेळी दुष्काळी कामे वेळीच व प्रचंड प्रमाणावर निघाली. मे १९७३ मध्ये राज्यात सुमारे ५० लाख लोक त्यांवर होते. कामावरील मजुरांना व मुलांना सुकडी हा तयार पोषक आहार वाटण्यात आला. हाल पुष्कळ झाले, पण शतकापूर्वीसारखी सामूहिक उपासमार झाली नाही व खंगलेल्या माणसांना पुन्हा अन्नावर आणण्याचा प्रश्न मोठ्या प्रमाणावर उद्भवला नाही. त्यानंतर हा प्रश्न मुख्यतः बालकांचा राहिला. मेळघाटातील बालमृत्यूंमुळे १९९० नंतरच्या दशकात तो ऐरणीवर आला. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये तीव्र कुपोषित बालकांच्या उपचारांची दहा टप्प्यांची पद्धत प्रसिद्ध केली. भारत सरकारने २०११ मध्ये पोषण पुनर्वसन केंद्रांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. महाराष्ट्रात गावपातळीवरील ग्राम बाल विकास केंद्रे, दवाखान्यांतील बाल उपचार केंद्रे व जिल्हा पातळीवरील पोषण पुनर्वसन केंद्रे अशी रचना करण्यात आली.

या पद्धतीत पहिला टप्पा वजन वाढविण्याचा नसून बालक स्थिर करण्याचा असतो. १०० मिलि. मध्ये ७५ किलोकॅलरी व जेमतेम ०·९ ग्रॅ. प्रथिन असलेले दूध, साखर व तेल यांचे पातळ मिश्रण दर दोन-तीन तासांनी, रात्रीदेखील, देतात. जुलाबांवर नेहमीच्या जलसंजीवनीऐवजी सोडियम कमी व पोटॅशियम अधिक असलेला द्राव वापरतात. अंगावर सूज असली, तरी मूत्रल औषध द्यावयाचे नाही आणि पहिल्या आठवड्यात लोह द्यावयाचे नाही, असे दोन स्पष्ट निषेध आहेत. भूक परतल्यावर व सूज ओसरू लागल्यावरच १०० मिलि. मध्ये १०० किलोकॅलरी असलेल्या दाट मिश्रणाकडे वळतात. पोटॅशियम व मॅग्नेशियम प्रत्येक बालकास रक्ततपासणीची वाट न पाहता दिले जाते, कारण रक्तातील पातळी प्राकृत दिसली, तरी कोशिकांतील साठा रिता आहे, हे गृहीतच धरलेले असते. फॉस्फेट निराळे देत नाहीत, कारण मिश्रणातील दुधातून ते मिळते. त्यामुळे प्रयोगशाळा नसलेल्या ग्रामीण रुग्णालयातही ही पद्धत वापरता येते. मात्र रात्रीचे आहार चुकू न देण्यासाठी आईच्या जोडीला जागी राहणारी परिचारिका लागते. [→ दुष्काळ, बालरोगविज्ञान, मंगळवेढे].